रुळांजवळचा राखणदार

आमच्या गावात देवांची कमतरता कधीच नव्हती. गावदेवी आहे, मारुती आहे, तळ्याकाठी शंकर आहे, आणि प्रत्येकाची जत्रा वेगळी. तरी काही वर्षांपूर्वी गावात आणखी एक देव बसला आणि तो माझ्यामुळे बसला. शाळेत मी हे कुणाला सांगत नाही, कारण तिथे मी मुलांना दरवर्षी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते.

गाव पनवेलच्या जरा बाहेर आहे. घरं एका अंगाला, नाका, बाजार आणि रिक्षा दुसऱ्या अंगाला, आणि मधून रेल्वेची दुहेरी लाइन. मी लग्न होऊन आले तेव्हा एकच लाइन होती आणि दिवसाकाठी मोजक्या मालगाड्या. माझी सासू तर सांगते, की ती भर दुपारी रुळावर बसून पाटी टेकवायची आणि पान खायची. पुढे दुसरी लाइन पडली, गाड्या वाढल्या, गाव आणि लाइन यांच्या मधे भिंत बांधली गेली. आठवड्याच्या आत गावानं भिंतीला भगदाड पाडलं. कुणी पाडलं, हे कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांनाच माहीत आहे. त्या भगदाडाला आमच्याकडे खिंड म्हणतात.

पूल गावाला पाहिजे होता, नाही असं नाही. पण पुलाचा जिना उतरणार कुणाच्या जागेत, यावरून गावात दोन तट. ज्यांच्या बापजाद्यांनी मिठागरात पाय झिजवले, त्यांना आता हातभर जमिनीचं मोल कळलं होतं. पूल हवा, पण जिना शेजाऱ्याच्या वाडीत हवा. अशा बैठका किती झाल्या असतील देव जाणे. चहा पिऊन सगळे उठायचे आणि खिंडीतूनच घरी जायचे.

मग आमच्या शेजारचे भावजी गेले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवायचे. हसरा माणूस, माझी थट्टा केल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. त्यांची आई लवकर गेली, म्हणून माझ्या सासूनंच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं. सकाळी खिंडीत उभे राहिले, मालगाडी जाऊ दिली आणि शेवटचा डबा सरकला तसं पाऊल टाकलं. पलीकडच्या रुळावरून उलट्या दिशेनं दुसरी गाडी येत होती. मालगाडीच्या आड ती त्यांना दिसलीच नाही.

तेराव्यानंतर देवळात बैठक बसली. कोणी भांडलं नाही. दोन्ही तटांतली माणसं खाली बघत होती. जिन्याला जागा त्याच बैठकीत मिळाली, आणि पुढच्या वर्षी पूलही झाला.

पहिले काही महिने सगळं गाव पुलावरून. मग एकाला उशीर झाला, एकीच्या डोक्यावर ओझं होतं, एकाचं नुसतंच मन झालं. पन्नासेक पायऱ्या चढा, तेवढ्याच उतरा, समोर खिंड आ वासून. हळूहळू पुलावर आम्ही नोकरदार, शाळेची मुलं आणि प्रेमात पडलेली जोडपी एवढेच उरलो.

माझ्या सासूनं मात्र पहिल्या दिवसापासून त्या पुलावर पाय ठेवला नव्हता. तिचं सुक्या मासळीचं दुकान नाक्यावर, म्हणजे एक गोणपाट आणि त्यावर सुकट, जवळा, बोंबील. रोज सकाळी सातला डोक्यावर पाटी घेऊन खिंडीतून निघायची. पूल म्हटलं की म्हणायची, "माजं गुडगं दुखतान." हेच गुडघे हळदीच्या मांडवात डीजेपुढे दोन तास नाचतात, हे मी तिला सुनावलंही होतं. "त्यो सरळ जमिनीवरचा नाच हाय," असं उत्तर मिळालं.

त्यात तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही. पनवेलकडची गाडी नेमकी उजवीकडून यायची. मी चुलीशी, म्हणजे गॅसशी, तांदळाची भाकरी थापत असायची आणि सात वाजून गेले की माझे कान लाइनकडे. गाडीनं लांब भोंगा दिला की हात थांबायचा. ती नाक्यावर पोचली की बाजूच्या भाजीवालीला मी फोन करायची, "आल्या का?" ती म्हणायची, "आल्या, आणि आल्याबरोबर भांडल्या." तेव्हा कुठे माझी भाकरी तव्यावर पडायची. खोटं कशाला बोलू, त्या वर्षात मी तिच्यावर जेवढी चिडले तेवढी कुणावर चिडले नाही. आणि कुणासाठी एवढी भ्यालेही नाही.

एका रविवारी आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, "आई, माणसांचं ऐकत नाही, निदान देवाचं तरी ऐका. खिंडीत राखणदार बसवा. त्याच्यासमोर घटकाभर थांबाल, तेवढ्यात इकडंतिकडं बघून होईल." बोलून गेले रागात. पण सासूच्या डोळ्यात चमक आली. तिनं ते बायकांत सांगितलं, बायकांनी घरोघरी सांगितलं आणि पुढच्याच अमावास्येला खिंडीच्या आत, रुळांपासून दहा पावलांवर, भिंतीला टेकून एक काळा दगड उभा राहिला. शेंदूर मीच आणून दिला. वर पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली. घंटेला माझा विरोध होता, कारण भोंगा ऐकू येईना. पण माझं कोण ऐकतंय?

आता पुढचं ऐका. माणसं खिंडीत थांबायला लागली, हे खरं. पण देवासमोर माणूस उभं राहिलं की काय करतं? डोळे मिटतं. हात जोडून, डोळे मिटून उभं राहायचं, मनातलं सांगायचं, आणि डोळे उघडले की तसंच पुढे चालायला लागायचं, कारण राखणदाराला सांगून झालेलं असतं. मग उजवीकडे-डावीकडे बघणं म्हणजे देवावर अविश्वास. एवढ्यावर भागलं नाही. जी माणसं गुमान पुलावरून जात होती, तीही नवस बोलायला खाली रुळांत उतरायला लागली. एका नवरदेवानं तर चक्क रुळावर नारळ फोडला.

मी कपाळावर हात मारून घेतला. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

आमच्या भागात रोज लाइन तपासत एक ट्रॅकमन चालत यायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात गुंडाळलेला लाल झेंडा, विदर्भाकडचा शांत माणूस. एकदा पुलाच्या जिन्याशी मला गाठून म्हणाला, "मॅडम, तुमचा देव चांगला आहे, मी पण पाया पडतो. पण मी आधी दोन्ही बाजूंना बघतो, मग पडतो. तुमचे लोक उलटं करतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा देव कुणाच्या सल्ल्यानं बसला, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग एका सकाळी भाजीवालीचाच फोन आला. "घाबरू नका, त्या ठीक आहेत," हे तिचं पहिलं वाक्य. असं वाक्य ऐकून कोण घाबरत नाही? मी पिठाच्या हातानं धावले. सासू नाक्यावर बसली होती, पाटी रिकामी. नमस्कार करून ती रुळात शिरली, उजवीकडून गाडी आली, ट्रॅकमन लांबून शिट्टी फुंकत होता ती ऐकू आली नाही. पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईनं तिला हात धरून ओढलं. वाऱ्याच्या झोतानं पाटी उडाली आणि जवळा सगळ्या लाइनभर पसरला.

"कावळ्यांची दिवाळी झाली," सासू म्हणाली. "आनि त्यो डायवर भोंगा कसा मारतंय, जशी मी त्याच्या बापाच्या वाटंत आली."

मी तिच्या गोणपाटावर बसले आणि भर बाजारात रडले. चांगली हुंदके देऊन रडले, बोंबलांच्या वासात, पिठाचे हात पदराला पुसत. माझी स्वतःची आई मी लहानपणी गमावली होती. आता ही जाईल, आणि तीही माझ्या अकलेनं बसवलेल्या देवासमोरून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेही मी बोलून दाखवलं. सासूनं पाण्याची बाटली पुढे केली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "आज दुकान बंद हाय."

त्याच दिवशी मी देवळाच्या म्हाताऱ्या गुरवांकडे गेले. म्हटलं, राखणदार पुलाच्या पायथ्याशी हलवा. ते म्हणाले, "बसलेला देव असा उचलून नेता येत नाही. कौल लावावा लागेल." कौल म्हणजे देवाला विचारणं. दगडाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न करायचा. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

ठरल्या सकाळी सगळं गाव खिंडीत. भिंतीला लागून उभे राहा, असं ट्रॅकमन घसा फोडून सांगत होता, आणि गाव रुळांकडे पाठ करून, आपल्या जिवाचं काय करायचं ते दगडाला विचारत होतं. मला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे माझी नजर रुळांवरून हलत नव्हती. गुरवांनी फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "बा राखणदारा, पुलाशी येतोस का?" आम्ही बघत राहिलो. दोन गाड्या गेल्या. तिसरीच्या धक्क्यानं फूल पडलं. डावं.

संपलं. देवानं नाही म्हटल्यावर कोण बोलणार? लोक चपला शोधायला लागले. मी त्या दगडाकडे असं काही बघितलं, की तो माणूस असता तर त्यानं माफी मागितली असती.

तेवढ्यात सासू पुढे झाली. "थांबा. मना पन इचारायचा हाय." गुरव बाजूला झाले. तिनं तांब्यातल्या पाण्यात दोन फुलं बुडवली, स्वतःच्या हातानं लावली आणि पदर डोक्यावर घेऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "बा राखणदारा, तुज्या पाया पराला आमी हिकडं रुळांत यावं, असं तुज्या मनात हाय का?"

या वेळी गाडीची वाट बघावी लागली नाही. डावं फूल टपकन पडलं.

मग गुरव हळूच म्हणाले, "नाही म्हणतोय. तो इथंच राहणार, पण आपण इथं यायचं नाही." कुणीतरी विचारलं, मग पाया कुठून पडायचं? सासूनं मान वर केली. खिंडीला लागूनच वर पूल होता. "वरशी परा," ती म्हणाली. "देवाला काय वरचा दिसत नाय?"

मी तिच्या अगदी शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं होतं. उजवं फूल तिनं अंगठ्यानं ओल्या शेंदरात दाबून बसवलं होतं, आणि डावं नुसतं टेकवलं होतं. मी निबंध तपासणारी बाई आहे, माझ्या नजरेतून असलं सुटत नाही. वाटेत मी विषय काढला, तर म्हणाली, "देवाच्या कामात नाक खुपसू नको."

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली. गुडघे काही दुखत नव्हते. सरसर चढली. पुलाच्या मध्यावर मात्र थांबली. खालून मालगाडी जात होती, कंटेनरांची, संपता संपत नव्हती. आणि वरून स्वच्छ दिसत होतं, की तिच्या आडून पलीकडच्या रुळावरून दुसरी गाडी येते आहे.

सासूनं कठडा घट्ट धरला. "हितशी दिसतंय," ती म्हणाली. "त्याला खालशी दिसला नाय." मग म्हणाली, "माजा पोर गेला तवा ह्यो पूल आला. त्याच्यावरशी मी कशी मजेत जाऊ, बाय? म्हनून नाय चरली."

इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या गुडघ्यांशी भांडत होते. डोक्यावर पाटी, त्यामुळे तिला जवळही घेता येईना. मी एका हातानं पाटी धरली आणि दुसऱ्यानं तिचा हात धरला. खालून दोन्ही गाड्या निघून गेल्या आणि पत्र्याच्या छपराखाली राखणदार दिसायला लागला. सासूनं हात जोडले, डोळे मिटले आणि काय काय सांगत कितीतरी वेळ उभी राहिली. भावजींचं नाव दोनदा ऐकू आलं.

खिंड पुढे गावानंच विटा लावून बुजवली. आता पुलाच्या मध्यावर रोज सकाळी खोळंबा असतो, कारण जो तो थांबून हात जोडतो. खाली फूल वाहायचं काम ट्रॅकमन करतो, आधी दोन्ही बाजूंना बघून. मला शाळेला उशीर होतो, मुख्याध्यापक बोलतात. पण पुढची बाई डोळे मिटून उभी असली की मी तिला घाई करत नाही. मागे उभी राहते आणि आपलेही मिटते.