उजवीकडचा पिवळा दिवा

सुकेशनी लहान होती तेव्हा सुट्टीत बापाच्या एसटीतून फिरायची. तिचे बाबा, म्हणजे आमचे हे, चंद्रभान, एसटीत ड्रायव्हर होते. परभणी-जिंतूर ही त्यांची नेहमीची ड्युटी. ड्रायव्हरशेजारच्या गरम बोनेटवर पोतं टाकून ती बसायची आणि घरी आली की पाटावर बसून हातातलं ताट फिरवत तीच गाडी पुन्हा चालवायची. एकदा तिने यांना विचारलं, "बाबा, आपण सरळच चाललो होतो, मग उजवा दिवा कामून लावला?"

हे म्हणाले, "मागं जीप होती. तिला सांगितलं, ये पुढं, रस्ता मोकळा हाय."

तेव्हापासून ताट फिरवता फिरवता ती मध्येच उजवा डोळा मिचकवायची. जीप पुढे गेली की डोळा थांबायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

ती सुकेशनी आता बत्तीस वर्षांची आहे. ताडकळसच्या रस्त्यावर एक फाटा लागतो, तिथून आत एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आधी एसटीने फाट्यापर्यंत जायची आणि पुढे चालत. चिखलात चप्पल तुटली तर हातात घेऊन जायची, पण शाळेला उशीर करायची नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणते, "आई, आधी चौथीच्या पोरांना भागाकार येऊ दे." पोरं दरवर्षी नवी येतात, त्यामुळे भागाकार काही संपत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने जुनी चारचाकी घेतली. गाडी शिकवली यांनीच. डिकीत तिचा सगळा संसार: खडूंची खोकी, गूळ-शेंगदाण्यांचा डबा, आणि वेगवेगळ्या मापांच्या मुलांच्या चपला. कुणी अनवाणी आलं की डिकी उघडते. गाडी रविवारी स्वतः धुते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

त्या फाट्यावर तिला उजवीकडे वळावं लागतं. रस्ता पूर्वेला जातो, म्हणून सकाळी मागून येणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन असतं. उसाच्या ट्रॉल्या, मालाचे ट्रक, एकावर तिघं बसलेल्या मोटारसायकली. मधोमध थांबायचं, समोरची वाहनं जाऊ द्यायची आणि मग वळायचं. मी एकदा तिच्याबरोबर शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. त्या वळणावर माझे पाय गाडीच्या तळाला घट्ट दाबलेले होते.

दिवाळीनंतर एक दिवस एक ट्रॅक्टर तिच्या मागच्या बंपरला घासून गेला. ट्रॅक्टरवाला थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा दिवा दिसलाच न्हाई."

संध्याकाळी आम्ही अंगणात तपासणी केली. ती आत बसली, मी गाडीच्या मागे उभी राहिले.

"लागला का?"

"कोणता?"

"उजवा, आई."

मला काही दिसेना. वाकून पाहिलं तेव्हा लाल काचेच्या एका कोपऱ्यात काहीतरी फिकट लुकलुकत होतं. तिने ब्रेक दाबला आणि तेही लाल उजेडात बुडून गेलं. फाट्यावर तर ती ब्रेक दाबूनच उभी असणार. म्हणजे इतके दिवस माझी मुलगी रस्त्याच्या मधोमध उभी राहून वळतेय म्हणून सांगत होती आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

मग मी तिच्या मागे लागले. शनिवार मोकळा होता. मुंजाजी मिस्त्रीकडे गाडी नेली, मी बरोबर गेले. मिस्त्री आमच्या यांच्या ओळखीचे, स्टँडच्या पलीकडे त्यांचं वायरिंगचं दुकान आहे. त्यांनी जुनी काच घासून पाहिली, मान हलवली.

"काच बदलून भागणार न्हाई, माय. ब्रेकचा दिवा अन् ह्यो दिवा एका घरात राहत्यात. थोरला भाऊ बोलायला लागला की धाकट्याचं कोण ऐकतंय?"

"मग?" सुकेशनीने विचारलं.

"धाकट्याला वायलं काढू."

त्यांनी ब्रेकच्या दिव्यापासून दूर, बंपरच्या दोन्ही टोकांना पिवळे एलईडी बसवले. वर मागच्या काचेच्या आतल्या बाजूला, डाव्या-उजव्या कोपऱ्यात, आणखी एकेक पट्टी. लावून दाखवलं तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बघायला लागली.

"लगीन हाय का गाडीचं?" एकाने विचारलं.

"गाडीचं न्हाई, दिव्याचं," मिस्त्री म्हणाले.

मी रस्ता ओलांडून पार पेट्रोलपंपापर्यंत चालत गेले आणि मागे वळून पाहिलं. भर दुपारी लख्ख दिसत होता. सुकेशनीने खिडकीतून हात केला. कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं.

घरी आल्यावर यांनीही गाडीभोवती एक चक्कर मारली. "लय लांबून दिसायलाय आता," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, एवढं तरी बोलले.

पुढचा सोमवार ताडकळसच्या बाजाराचा. रस्त्याला गर्दी. फाटा दिसताच सुकेशनीने उजवा दिवा लावला, वेग कमी केला, मधोमध आली. समोरून एक टेम्पो गेला आणि रस्ता मोकळा झाला. तिने चाक फिरवलं, आणि मागून भरधाव आलेली मोटारसायकल तिच्या दारावर आदळली.

गाडीवर नवरा-बायको होते. माणसाचं नाव बजरंग, बायको बायनाबाई. बाजारात विकायला मेथी घेऊन निघाले होते. बायनाबाई बाजूच्या मातीत पडली, तिचा कोपर सोलला. बजरंगचा हात मनगटात मोडला. मेथीच्या जुड्या रस्ताभर. सुकेशनी दार उघडायला गेली तर दार उघडेना, आत दबलं होतं. दुसऱ्या बाजूने उतरली.

तिने मला सांगितलेलं लिहिते. बजरंग रस्त्याच्या कडेला बसला होता, मोडलेला हात मांडीवर. रागात नव्हता, चकित होता.

"ताई, साइड देऊन वर आडव्या कामून आल्या?"

"मी साइड दिलीच नाही. मी वळायला दिवा लावला होता."

"वळायला?" तो म्हणाला. "लांबूनच दिसला ना तुमचा दिवा. म्हणून तर गाडी पळवली. म्हटलं ताई म्हणायल्यात, जा लवकर."

फाट्यावरच्या टपरीतली माणसं जमली होती. सुकेशनीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने अगदी समजुतीने सांगितलं, "पोरी, उजवा दिवा म्हंजे मागच्याला वाट दिली. समदे ड्रायव्हर तसंच करत्यात. तू नवी दिसतीस."

तिला त्याच क्षणी तिचं ताट आठवलं, असं म्हणाली. आणि मिचकवलेला डोळा.

तिने दोघांना स्वतःच्या गाडीतून परभणीला दवाखान्यात आणलं. मला फोन केला तेव्हा तिचा आवाज शांत होता. आवाज शांत असला की मला जास्त भीती वाटते. मी पोहोचले तर बायनाबाई बाकावर बसून तिलाच धीर देत होती. "तू रडू नको, बाई. हात काय, जोडून येतंय. तुझं दार बघ कसं चेपलंय." दार जिथे चेपलंय तिथून बोटभर आत माझ्या मुलीचा गुडघा असतो.

रात्री जेवताना मी यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

हे भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "माहीत काय असायचंय? आख्खी नोकरी आमी तसंच केलं. मागचा बी तसंच समजायचा. कुनी चुकलं न्हाई."

"मग वळायचं असलं तर काय लावायचात?"

"हात काढायचो बाहेर."

"आणि आता?"

"आता समदे एसीत, काचा बंद."

मी म्हटलं, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेऊ, ही गाडी वळणार आहे. सुकेशनी पहिल्यांदा हसली. "आई, तो वाचेपर्यंत दारात आलेला असेल." मग म्हटलं, दिवे काढून टाकू. तर म्हणाली, काढले की ट्रॅक्टर येतो, लावले की मोटारसायकल. शाळा बदलून घे म्हणण्याची सोय नाही, बदली काही आपल्या हातात नसते. आणि तिला ती नकोच आहे.

दुसऱ्या दिवशी हे पहाटेच उठून तयार. पांढरा शर्ट, पायात नोकरीतले बूट. सुकेशनीच्या चेपलेल्या दाराची काच अजून खाली होत नाही, म्हणून हे मागच्या सीटवर उजव्या बाजूला जाऊन बसले.

"बाबा, कुठं?"

"तू चालव. फाटा आला की मी हात काढतो."

तेव्हापासून रोज असंच चाललंय. फाट्याच्या अलीकडे हे काच खाली करतात आणि पूर्ण हात बाहेर काढून पंजा पसरतात. मागचे थांबतात म्हणे. एक ट्रकवाला तर ओरडला, "काका, अजून ड्युटी संपली न्हाई का?" तिला शाळेत सोडलं की हे फाट्यापर्यंत चालत येतात आणि एसटीने परत. संध्याकाळी येताना तिला डावीकडे वळायचं असतं, तिथे कुणाची गरज लागत नाही.

मी मात्र आता दोघांची काळजी करते. बाहेर काढलेल्या हाताला एखादी ट्रॉली घासून गेली तर? एकोणसत्तर वर्षांचा हात आहे तो. आणि गेल्या आठवड्यापासून खांदा धरलाय. परवा हात छातीपर्यंतही उचलला जात नव्हता, तरी गेले. काल डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हात हलवायचा नाही. आज हे गळ्यात झोळी अडकवून अंथरुणावर पडून आहेत, आणि उद्या पुन्हा ताडकळसचा बाजार.

मी येते म्हटलं तर सुकेशनी म्हणाली, "आई, मागून मोटारसायकल आली की तू हात काढणार की डोळे मिटणार?" खरं आहे तिचं. ती म्हणते, फाट्याच्या अलीकडे डावीकडे थांबेन, मागचे सगळे जाऊ देईन, मग वळेन. बाजाराच्या दिवशी मागचे सगळे कधी जातात?

जेवण झाल्यावर तिने अंगणात गाडी सुरू केली. सवयीने मी मागे जाऊन उभी राहिले.

"आई, दिसतोय का?"

अंगणाची भिंत, तुळस, शेजाऱ्यांचा जिना, सगळं पिवळं होत होतं आणि विझत होतं.

"दिसतोय," मी म्हटलं.

तिने दिवा बंद केला आणि झोपायला गेली. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येतोय. मी अजून बसून आहे.