पुलाखालची काळी पिशवी

माझी बायको कचरा असा कधी टाकायचीच नाही. भाजीची देठं, राख, शेण परसातल्या उकिरड्यात. फाटकं लुगडं गोधडीत. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर, भंगारवाला येईपर्यंत. सून नाक मुरडायची, मीही हसायचो. उकिरड्यातलं खत भाताला नेताना मात्र हसत नव्हतो.

दिवाळीनंतर ती गेली. मेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्यात घरात ठेवत नाहीत, दहाव्याला पाण्यात सोडतात. सुनेनं सगळं एका काळ्या पिशवीत कोंबलं, गाठ मारली, माझ्या हातात दिलं. बायकोनं शिवलेली गोधडी त्यातच. पुलावरून पिशवी ओढ्यात टाकली आणि मागं न बघता आलो. मागं बघायचं नसतं.

शिमग्यानंतर ओढा आटला. पिशवी कुठं गेलीच नव्हती. पुलाखाली करंजाच्या मुळांत अडकलेली, भोवती गावातल्या पोरांचे डायपर आणि पळसदरीच्या धरणावर मजा करून गेलेल्यांच्या थर्माकोलच्या ताटल्या. फाटक्या पिशवीतून गोधडीचं हिरवं टोक लोंबत होतं. दूध आणायला रोज तोच पूल. मान फिरवून जायचो.

एक दिवस शेजारीण पुलावरून कचरा भिरकावताना दिसली. तिला चार शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतलं आणि खाली बोट दाखवलं.

"तात्या, काकूचं अंथरूण हाय तिथं. ते काढा आदी, मंग मला शिकवा."

खरंच होतं.

दुपारी खाली उतरलो. गोधडी चिखलानं जड झालेली, वास मारत होती. घेऊन आलो तर मुलगा दारात आडवा. मेल्या माणसाचं परत आणत नाय, घरात पोरं हायत, म्हणाला.

"जिती होती तवा तिचं सगळं चालत होतं रं तुला."

तो हलला नाही. मी मागून परसात गेलो.

उकिरडा उकरला तर चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या. ती गेल्यापासून तिथं काहीही पडतं, मीही बघून गप्प बसलो. आधी ते सगळं बसून वेचलं. मग गोधडी पुरली. सुती आहे, कुजेल.

काळी पिशवी उरली. ती धुतली, बायकोच्या दोरीवर वाळत घातली.

सकाळी दोरी मोकळी. सुनेला विचारलं, कुठं टाकलीस. तिनं पुलाकडं हात केला. दूध आणायला आता मी लांबच्या रस्त्यानं जातो.