चांद्याचा पट्टा

भिमीवर कुत्री भुंकत नसत. परक्या वाडीत ती पहिल्यांदा पाऊल टाकायची, अंगावर धावून आलेली कुत्री निम्म्या वाटेत थबकायची आणि शेपूट हलवायला लागायची. बाया म्हणायच्या, "हिच्या अंगाला कुत्र्यांचाच वास असंल." भिमी हसून सोडून द्यायची. पण या एका गुणावर आपल्याला काम मिळेल, असं सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वीस-बावीस घरांच्या वाडीत तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काम मिळालं ते 'गोठण'मध्ये. दुपारी गुरं रवंथ करत बसतात त्या सावलीच्या जागेला गोठण म्हणतात. ठाण्याच्या, गुरांच्या निवृत्त डॉक्टर प्रेमाताईंनी आपल्या संस्थेला तेच नाव दिलं होतं. १९९४ साली टोकावड्याच्या रस्त्याला त्यांनी एक पत्र्याची शेड उभी केली आणि जुनी जीप घेऊन त्या वाड्यावाड्यांतून फिरू लागल्या. बैलांच्या जू घासून सडलेल्या माना धुवायच्या, जखमांतले किडे काढायचे. आधी लोकांना वाटलं, ही बाई औषधाचं निमित्त करून बैल पळवणार. दोन पावसाळे गेल्यावर लोक स्वतःच बैल घेऊन शेडपाशी येऊ लागले.

मग कुत्र्यांचं आलं. आसपासच्या दोन-तीन वाड्यांत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्यानं माणसं गेली, तेव्हा ताईंनी कुत्र्यांना सुया टोचायचं काम काढलं. शहरातून जाळी घेऊन आलेल्या दोघांना दिवसभरात चार कुत्री सापडली. भिमीनं बोंबलाचं डोकं हातात धरून दुपारपर्यंत एकोणीस आणून बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती 'गोठण'ची झाली. पार शेणव्यापर्यंत लोक तिला कुत्र्यांची मास्तरीण म्हणू लागले.

सुई टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधायचा, ही खूण. ताई प्रत्येक वाडीत समजावून सांगायच्या: पट्टा असलेल्या कुत्र्यापासून धोका कमी, तरी कुठलंही कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवायची, आणि मुरबाडच्या दवाखान्यात जायचंच. एवढं लांब वाक्य भिमीच्या तोंडात बसेना. लोकांच्या कानातही राहीना. तिनं ते आपल्या परीनं आखूड केलं. "पट्टा हाय तर भ्यायचा नाय. पट्टा नाय तर मुरबाडला पळायचा." हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

भिमीच्या घरी चांद्या होता. काळा, कपाळावर पांढरा ठिपका. वाडीतला पहिला पट्टा त्याच्याच गळ्यात पडला. दोन वर्षांनी थंडीत बिबट्यानं त्याला ओढून नेलं. ओहोळाच्या काठी नुसता पट्टा सापडला. भिमीनं तो धुतला, आणि घरात नुकत्याच आणलेल्या पिवळ्या पिल्लाच्या गळ्यात बांधला. यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. बैल मेला की त्याच्या गळ्यातली घाट, म्हणजे घंटा, दुसऱ्या बैलाच्या गळ्यात जाते, शेळीची घुंगुरमाळ दुसऱ्या शेळीला जाते. मेल्या जनावराचं गळ्यातलं रिकामं टांगून ठेवलं तर दावणही रिकामी होते, असं तिच्या आजीपासून सगळे सांगत आले होते.

पिल्लू सुईला लहान होतं. पुढच्या फेरीत टोचू, असं तिनं ठरवलं. पुढची फेरी आली तेव्हा ती शेणव्याकडच्या वाड्यांत कुत्री धरत होती. टोकावड्याला परतल्यावर ताईंनी विचारलं, "भिमा, तुझ्या वाडीतली सगळी झाली ना गं?"

साऱ्या मुलखाची कुत्री धरणाऱ्या बाईचं स्वतःचंच राहिलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? "झाली, ताई," ती म्हणाली. मग वर्ष निघून गेलं. गळ्यातला पट्टा रोज डोळ्यांसमोर होता. बघता बघता तिलाही तो खराच वाटू लागला.

२००१ च्या भादव्यात पिवळी दोन दिवस घरी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती तिरकी चालत, जबडा लोंबलेला, तोंडातून लाळेची तार. भिमीनं हाक मारली. पिवळीनं ओळख दिली नाही. ओहोळावर भांडी घासणाऱ्या सकुबाईच्या पोटरीचा लचका तोडून ती पुढे निघाली. बाप्यांनी तिला काठ्यांनी मारून टाकलं.

भिमी पोचली तेव्हा सकुबाई अंगणात बसून जखमेत हळद दाबत होती. म्हातारी भेदरलेली नव्हती, उलट चिडवायला मोकळी होती.

"काय गो मास्तरीण, तुझी पोर शाळा शिकली का नाय? मलाच चावली!"

"आत्ये, ऊठ. मुरबाडला जायचा."

"कशाला?"

"सुया घ्यायच्या."

"पोटात चौदा सुया? तुला येड लागला का?" सकुबाईचा लेक सुदाम ओटीवरून म्हणाला. "भात पोटरीला आलाय. चौदा दिवस कोन जाईल येईल? आन् पट्टा हाय ना तिला! तूच तर बोलतेस, पट्टा हाय तर भ्यायचा नाय."

"तरी पन घ्यावी, सुदामा."

"तरी पन म्हंजे? तुमच्या सुया खोट्या हायेत का?"

अंगणात बायका-माणसं जमली होती. सगळ्यांनी भिमीकडे बघितलं. खरं सांगावं, तर 'गोठण'च्या पट्ट्यावर यापुढे कोण विश्वास ठेवणार? सात वर्षं ताईंनी एकेक घर जोडलं होतं. आणि न सांगावं, तर ही म्हातारी हळद लावून घरीच बसणार. मग महिन्या-दीड महिन्यानं कधीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला की किंचाळणार. असा एक माणूस भिमीनं दुसऱ्या वाडीत बघितला होता. त्याला बाजेला बांधून ठेवावं लागलं होतं.

"सुया खोट्या नाय," ती म्हणाली. "पट्टा खोटा हाय. तो चांद्याचा. चांद्या गेला तवा मी तिच्या गळ्यात घातला. पिवळीला सुई टोचलीच नाय मी. ताईंना पन खोटा सांगितला."

सुदाम ओटीवरून उतरला. तो हात उगारतोय असं भिमीला वाटलं. ती जागची हलली नाही.

"माझी आय मेली तर?" तो हळूच म्हणाला.

"म्हनून तर बोलते ना रे. चल. आता निघालो तर दुपारची यष्टी गावंल."

सकुबाईनं हळदीचा हात लुगड्याला पुसला. "चला गो," ती म्हणाली, "मास्तरीण नापास झाली, आता आमी सुया खायच्या."

कुणी हसलं नाही. भिमीनं साबण मागून घेतला आणि जखम पाण्याच्या धारेखाली धुतली, म्हातारी कळवळून शिव्या देत होती तरी हात थांबवला नाही. मग सुदामनं आईला पाठीवर घेतलं आणि तिघं डांबरीच्या दिशेनं निघाली.

मुरबाडहून परतेपर्यंत सांज झाली होती. भिमीच्या दाराशी बाया उभ्या होत्या. शिव्या खायच्या तयारीनं ती पुढे झाली. पण एकीनं खाली बघत म्हटलं, "आमच्या कुत्र्याचा पन जुन्याचाच हाय गो." दुसरी म्हणाली, "आमचा पन." वाडीतल्या चौदा पट्ट्यांपैकी पाच मेलेल्या कुत्र्यांचे निघाले. बिचाऱ्यांनी तरी काय केलं होतं? जे भिमीनं केलं, तेच.

सगळ्यात शेवटी बारकी आली. मागच्या साली तिचा नवरा वाळू वारला होता. रानात वारं लागलं, पाण्याला भिऊ लागला, चार दिवसांत गेला, असं वाडी म्हणत होती. भिमी तेव्हा आठवडाभर फेरीवर होती. चावल्याचं कुणी बोललं नव्हतं, म्हणून परतल्यावर तिनंही तेच ऐकलं आणि तेच मानलं.

बारकीनं आढ्याला खोचून ठेवलेला एक पट्टा आणला होता. धुरानं तो काळा पडला होता.

"मरायच्या महिनाभर आदी त्याला कुत्रा चावला होता," ती म्हणाली. "तो कुत्रा पन मेला. पट्टा होता म्हनून आमी कुठं गेलो नाय. ह्यो त्याचाच होता का दुसऱ्या मेल्या कुत्र्याचा, तेवढा बघून सांगशील?"

भिमीनं पट्टा हातात घेतला. सगळे पट्टे सारखेच होते. कुणाचा होता, हे कसं सांगणार? तिनं तो तसाच परत दिला. बारकी तो घेऊन निघून गेली.

पुढच्या बुधवारी भिमीनं ताईंना सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "मी तुझ्या शब्दावर गेले, एकेक कुत्रं स्वतः बघितलं नाही. माझंही चुकलंच." त्या सालापासून 'गोठण'नं पट्टे बंद केले. कुत्र्याच्या कानालाच खूण होऊ लागली. ती काही दुसऱ्याच्या अंगावर चढवता येत नाही.

सकुबाईनं चौदाही सुया घेतल्या आणि पुढे बरीच वर्षं भिमीला नापास म्हणत जगली. भिमीनं काम सोडलं नाही. आता ती ताईंचं लांब वाक्य पुरं बोलायची. कुठलंही कुत्रं चावलं तर साबणानं धुवायचा, आन् दवाखान्यात जायचा, खूण असो नायतर नसो.

दर साली फेरीची सुरुवात ती बारकीच्या दारातून करायची. बारकीकडे कुत्रं नव्हतं, तरीही. बारकी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकून घ्यायची, आणि भिमीचं बोलणं संपलं की उठून आत जायची.