बॉलिंगच्या यंत्राची पूजा

कापसाच्या जिनिंगमधली जळालेली मोटर नवी तार गुंडाळून जिवंत करावी, ती अकोल्याच्या देवमन इंगळ्यानंच. म्हणून १९६२ साली टॉकीजवाल्या खुशालरावांनी गोऱ्यांच्या जुन्या क्लबातून आणलेलं बॉलिंगचं यंत्र त्याच्यापुढे टाकलं. चेंडू घरंगळला की खुंट्या वर उचलल्या जायच्या आणि काचेवर गुण उजळायचे. पण उंदरांनी आतल्या तारा पार कुरतडल्या होत्या. देवमननं चार महिने खपून एकेक कॉइल हातानं गुंडाळली आणि यंत्र चालू केलं.

सहा वर्षांमागं देवमन बौद्ध झाला, हे खुशालरावांना चार महिने आठवलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी बरं आठवलं! पूजेच्या वेळी त्यांनी त्याला दाराबाहेर उभं केलं.

"मालक, यंत्रावर नारळ फोडू नोका. पाणी आत जाईन," तो तिथूनच ओरडला.

"देव सोडून बसला, अन् मले पूजा शिकवून राहिला?"

नारळ यंत्राच्या लोखंडी कडेवरच फुटला. पाणी फटीतून आत गेलं, ठिणगी उडाली, काही कॉइली जळाल्या, निम्मे दिवे विझले. लोकांनी नारळाकडे नाही, देवमनकडे पाहिलं.

"याचा हात लागला, दुसरं काय होईन!" खुशालराव म्हणाले. मग शुद्धीसाठी त्यांनी चालू यंत्रावर तांब्याभर गोमूत्र ओतलं. उरलेल्या कॉइलीही जळाल्या.

घरी बायकोनं, इंदूबाईनं, हरखून विचारलं, "चाललं का यंत्र?"

"चाललं ना," देवमन म्हणाला. "माहाच हात लागत होता, तवरिक चाललं."