रुमालाखाली दोन बोटं

आमच्या घरात खोटं बोलायला तशी बंदी नव्हती. वडील, आमचे तात्या, जनावरांचे व्यापारी. आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात. घोडेगावच्या बाजारात म्हैस विकताना तिचं दूध, तिचं वय, तिचा स्वभाव यांबद्दल तोंडाने काहीही बोलायची मुभा असते आणि समोरचाही ते त्याच हिशेबाने ऐकतो. पण भाव ठरतो रुमालाखाली. दोघं एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि जेवढी बोटं दाबली तेवढी किंमत. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. "तोंडानं काय बी बोल, रुमालाखाली खोटं न्हाई," हे तात्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. मी पाढे तेवढे लक्षात ठेवले.

मी पायलट आहे. छोटी विमानं उडवते. आत सात-आठ माणसं बसतात आणि त्यांतल्या एकाच्या मालकीचं विमान असतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात याचं कौतुक आता शिळं झालंय. हल्ली लोक सरळ पगार विचारतात. आणि पगार मी घरी खोटा सांगत आले. तीन लाख मिळत होते तेव्हा दीड सांगायची. खरं सांगितलं तर कुणाचं लग्न, कुणाची बोअर, कुणाची अॅडमिशन अशी रांग लागेल, हे एक कारण. मी ते नेहमी पुढे करते, कारण ते ऐकायला बरं वाटतं. खरं कारण असं की, तात्या वर्षभर उन्हात उभे राहून जे मिळवायचे त्याहून जास्त मला महिन्याला मिळतं, हे त्यांच्या तोंडावर सांगायला जीभ रेटायची नाही. दीड म्हटलं तेव्हाही त्यांनी आधी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "लई झालं." मला वाटलं, मी त्यांना सांभाळून घेतलं. केवढी ही अक्कल!

आई गेल्यावर तात्या घरात एकटे राहू लागले आणि मला जवळपास कुठे नोकरी मिळाली तर हवी होती. तेवढ्यात सुप्याच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या एका शेठनी वापरलेलं विमान घेतल्याचं कानावर आलं. विमान शिर्डीच्या विमानतळावर उभं राहणार होतं आणि त्यांना कॅप्टन हवा होता. मी फोन केला. शेठनी आधी गाव विचारलं, मग कुणाची मुलगी ते विचारलं आणि मोठ्यांदा हसले. कारखान्याच्या आधी त्यांचा दुधाचा धंदा होता आणि त्यांच्या पहिल्या म्हशी तात्यांनीच दिल्या होत्या. येताना तात्यांना घेऊनच या, म्हणाले. मुलाखतीला बापाला घेऊन जाणारी मी देशातली एकमेव कॅप्टन असेन, असं मी मैत्रिणीला चेष्टेत सांगितलंसुद्धा.

शेठच्या शेतावरच्या घरी गेलो. तात्या धुतलेल्या धोतरात, खांद्यावर रुमाल, बाजारात जाताना असतात तसेच ताठ. चहा झाला. मग शेठच्या मॅनेजरने मला विमानाची कागदपत्रं बघायला आत बोलावलं. इंजिनाचे तास किती झालेत, देखभाल कोण बघणार, सुट्ट्या किती, वर्षाच्या प्रशिक्षणाचा खर्च कुणी करायचा, हे सगळं मी खोदून खोदून विचारत बसले. पगाराचं सगळ्यात शेवटी काढायचं आणि चारच्या खाली उतरायचं नाही, असं ठरवून आले होते. या कामाचा बाजारभाव तोच होता.

मी बाहेर आले तर दोघं म्हातारे बाजेवर शेजारी शेजारी बसलेले आणि त्यांच्या हातांवर रुमाल.

मी पुढे जाऊन काही म्हणेपर्यंत शेठनी रुमाल बाजूला केला, तात्यांच्या हातावर टाळी दिली आणि खिशातून शंभराची नोट काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. तो इसार. एकदा इसार घेतला की सौदा पक्का, मग सोन्याचा भाव आला तरी फिरायचं नाही. तात्यांनी नोट कपाळाला लावून कोपरीच्या खिशात घातली. मी काही म्हैस नव्हते. दात तेवढे बघितले नाहीत, हीच मेहेरबानी. पण चार माणसांत बापाला थांबवायचं कसं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला दोन बोटं दाखवली. दोन लाख. "दीडाचं दोन केलं," म्हणाले, "चामडी गेली तरी दमडी न सोडनारा मानूस हाय तो." आई गेल्यानंतर त्यांचा एवढा खुललेला चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. हायवेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि स्वतःच्या पैशाने मला उसाचा रस पाजला. तिथे, त्या रसवंतीच्या बाकड्यावर, मी सांगायला हवं होतं. तात्या, दीड खोटं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "भारी केलंत." आणि वर आलं-लिंबू जास्त टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठना फोन केला. वडिलांना माझ्या पगाराची कल्पना नव्हती, मला चार लागतील, असं सरळ सांगितलं. माझा आवाज विमानात असतो तसा थंड होता. त्याचीही आता लाज वाटते. शेठ म्हणाले, तात्यांनी शब्द दिलाय, इसार घेतलाय. मी म्हटलं, नोकरी माझी आहे.

"कॅप्टनबाई, भाव मला म्हाईत हुता," ते म्हणाले. "मागनारानंच कमी मागितलं तर आमी कशाला जास्त देऊ? घ्या चार. पन तात्यांना तुमीच सांगा."

पैशांसाठी मी वाद घालायला कंबर कसून बसले होते आणि पैसे तर बिनबोभाट मिळाले. उरलं ते सांगणं. मी तात्यांना फोनवर म्हटलं की मी थोडं वाढवून मागितलंय आणि शेठ हो म्हणालेत. थोडं! तात्यांनी किती ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मी इसार घेतल्ता," आणि फोन ठेवला.

कामावर रुजू झाले तेव्हा शेठकडूनच कळलं, की तात्या एसटीने सुप्याला येऊन गेले होते. त्यांनी तीच शंभराची नोट परत आणली होती. शेठनी घेतली नाही. मग तात्यांनी ती चहाच्या बशीखाली ठेवली आणि चहा न पिताच उठले. शेठनी हे मला विमानात बसता बसता, सीटबेल्ट लावताना सांगितलं, सहज सांगावं तसं. त्या दिवशी विमान नीट उतरवलं, ते हातांच्या सवयीने.

सुट्टी मिळताच गावी गेले. तात्या ओट्यावर बसले होते. बाजारला जाणं कमी केलंय, म्हणाले; गुडघे दुखतात. त्यांच्या गुडघ्यांचं मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यांनी कधी बाजार चुकवला नव्हता. मी शेजारी बसले. बरंच काही बोलायचं पाठ करून आले होते, पण नुसतीच पावसापाण्याची चौकशी करत राहिले. तात्यांनी ती पुरी होऊ दिली. मग खांद्यावरचा रुमाल काढला.

"हात आन."

मी हात पुढे केला. त्यांनी वरून रुमाल टाकला, आपला पंजा माझ्या हातात दिला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले, बाजारात बघतात तसे.

"किती ठरलं?"

मी त्यांची चार बोटं धरली. दोन सोडीन म्हणून त्यांनी वाट पाहिली असावी. मी सोडली नाहीत.

"आन् आदीच्या नोकरीत?"

तोंडाने विचारलं असतं तर मी अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. मी एक बोट सोडलं. तीन राहिली. त्यांची बोटं कडक, सांधे सुजलेले, आणि मी ती घट्ट धरून बसले होते. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता, हेही कळत होतं.

शब्द मोडला म्हणून ते बोलतील, याची मी तयारी केली होती. ते त्याबद्दल बोललेच नाहीत.

"लांबून चालताना बघून जनावराचा भाव सांगतो मी," ते म्हणाले. "सगळा बाजार मला इचारायला येतो. आन् घरच्या पोरीला निम्म्यात दिऊन आलो."

मी हात काढून घेतला नाही. त्यांनी घेतला.