कापसाच्या जागी माणसं

जयवंताबाई मेश्राम यांच्यावर लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस हवा होता. पण त्यांच्या शेजारी बसून पेटी वाजवणारा मीच होतो, म्हणून लिहितो.

लग्न होऊन नागपुरात आल्या तशा त्या कामठी रोडजवळच्या जिनिंगमध्ये लागल्या. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायचा. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे. पुढे जिनिंग बंद पडली, यंत्रं विकली गेली, उरली ती टिनाची उंच शेड. आमचं भीमगीतांचं मंडळ तेव्हा रस्त्याच्या कडेला गायचं. ट्रक आला की कडवं अर्ध्यातच राहायचं. १९७४ साली बाई सरळ जिनिंगच्या मालकांकडे, भैयाजींकडे गेल्या आणि त्यांनी शेड मागितली.

"दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले कार्यक्रम करून दाखवा," भैयाजी म्हणाले. "मी येतो ऐकाले. जमला तर शेड वस्तीची. नाही तर गोदामवाला मागून राहिला."

आम्ही भिंतींना चिकटलेली रुई खरवडली, चुना मारला. शेड चकाचक झाली. मग बाई गायल्या, आणि आवाज असा घुमला की एक शब्द कळेना. सगळी वस्ती आणून बसवली, तरी अर्धी शेड रिकामी आणि शब्द अर्धेच.

"राहू द्या बाई," मी म्हटलं. "आपल्याले जमायचं नाही."

"काहून?" त्या हसल्या. "शेड कापसानं भरली राहे, तेव्हा शेजारणीले हाक माराले बोंबलावं लागे. रिकामी झाली का आपलाच खोकला परत ये. तिले फक्त भरायचं आहे."

"कापूस कुठून आणता?"

"माणसं आणते."

माणसं होती नत्थूजींकडे. पलीकडच्या वस्तीत त्यांचं दंडारीचं मंडळ होतं. नाच, गाणी, सोंगं. शेड त्यांनाही हवी होती. भैयाजींनी ती आम्हाला देऊ केल्यापासून ते आमच्याशी बोलत नव्हते. तरी बाई त्यांच्याकडे गेल्या.

"काहून वं जयवंता, आता आमची आठवण आली?"

"तुमची नाही, तुमच्या माणसांची. शेड भराले पाहिजेत."

"म्हणजे आम्ही तुह्या शेडीतला कापूस?"

"हो. पण कार्यक्रमात पहिला नंबर कापसाचा."

नत्थूजींना हसू दाबता आलं नाही. "येतो. पण आपली दंडार झाली का माहे लोक उठून जातात. मी काही बांधून नाही ठेवणार."

मंडईच्या दिवशी शेड गच्च भरली. दंडार अशी रंगली की हसण्यानं टिनाचे पत्रे हादरले. भैयाजी पुढच्या बाकावर होते. मग बाई उभ्या राहिल्या, मी सूर धरला, आणि नत्थूजींची माणसं उपरणी झटकत उठली. शेड रिकामी होऊ लागली तसा बाईंचा आवाज फाटत, घुमत गेला. माझी बोटं थांबली. बाई थांबल्या नाहीत.

तोंडावर सोंगाचा रंग तसाच असलेले नत्थूजी दारात आडवे उभे राहिले.

"बसा गा! आपल्या वेळी तिची माणसं उठली होती का?"

लोक बसले. बाईंनी कडवं पहिल्यापासून घेतलं. गाणं संपल्यावर त्यांनी मोठ्यानं विचारलं, "दारापाशी ऐकू आलं का?"

"शब्दन् शब्द!" दारातून नत्थूजी ओरडले.

भैयाजींनी उठून किल्ली बाईंच्या हातावर ठेवली. बाई गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि ती त्यांनी नत्थूजींच्या रंगलेल्या हातात दिली.

"उद्या तुम्ही उघडा," त्या म्हणाल्या. "मी माणसं घेऊन येते."