तीन नंबरचा ढीग

किस्से जमवावे लागत नाहीत हो. बुरशीच्या खोलीत चार माणसं कोंडा, आपोआप वाढतात! तारापूरला अणुभट्टी बांधत होते त्या सुमाराचं सांगतो. माडांचे शेंडे पोखरणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या ढिगात अंडी घालतो. त्याच्या अळ्या मारणाऱ्या बुरशीचे दोन वाण आमच्याकडे होते, एक नंबर आणि दोन नंबर. त्यातला सरस कुठला, हे ठरवायचं आमच्या पालघरच्या प्रयोगशाळेचं काम.

*

बुरशी वाढायची शिजवलेल्या तांदळावर. माणसांना मात्र रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी! आमचा मदतनीस राऊत बाटल्या भरता भरता वैतागला, "साहेब, बुरशीच्या पंगतीला आम्हालाही बसवा की!"

आमचे प्रमुख पेठेसाहेब मान वर न करता म्हणाले, "बसा. बाटलीत मावलात तर!"

*

साहेबांचा आवाज खणखणीत. बोईसरच्या एसटीत मला अळ्यांचं सांगू लागले, "एक नंबरच्या फार रेंगाळतात हो. दोन नंबरच्या पटापट मरतात!"

शेजारचा मजूर उठून उभा राहिला. साहेब म्हणाले, "बैठिए ना!"

"नहीं डॉक्टरसाब, हम ठीक हैं!"

*

बुरशीनं मेलेली अळी आधी पांढरी पडते, मग हिरवीगार. राऊतचे होणारे सासरे भेटायला आले, तर साहेबांनी कौतुकानं तशी एक त्यांच्या तळहातावर ठेवली. "बघा, जावयाचं काम!"

सासऱ्यांनी ती अलगद टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "नोकरी पक्की आहे ना?"

*

शेवटी नवापूरला खरी चाचणी लागली. तीन शेजारणींचे तीन ढीग. पहिल्यात एक नंबर, दुसऱ्यात दोन नंबर, तिसरा तुलनेसाठी नुसताच. तो आला जनीबाईच्या वाट्याला. मासळी विकून घर चालवणारी बाई, दारात चार माड, त्यातले दोन भुंग्यानं खाल्लेले. ती भडकलीच.

"सगल्यांना औषद, नि माजेच माड मरू द्यायचे? मी काय घोडं मारलं तुमचं?"

"बाई, तुमचा ढीग कोरा राहिला तरच खरं काय ते कळेल. मग पहिलं औषध तुम्हाला," साहेब म्हणाले. मला तिच्याकडे बघवेना.

पावसाळा सरल्यावर ढीग उपसले. पहिल्यात थोड्या हिरव्या अळ्या, दुसऱ्यात बऱ्याच. आणि तिसऱ्यात सगळ्यात जास्त! साहेब जनीबाईकडे वळले. सगळी मेहनत पाण्यात.

"जनीबाई, काय केलंत हे?"

"विरजन घातलं. शेजारनीच्या ढिगातलं आनलं टोपलीभर."

साहेबांना जरा धीर आला. निदान वाण तरी कळेल! "कुठल्या शेजारणीच्या?"

"दोगींच्या! एकीचंच घेतलं तर दुसरीला वाईट नाय का वाटनार?"